टोमॅटोचा लाल रंग आणि आपले यकृत

टोमॅटोने यकृत साफ होते, असे अलीकडे पुष्कळांच्या तोंडून ऐकावयास मिळते. कोणी सकाळी उपाशीपोटी टोमॅटोचा रस घेतो, कोणी मेडिकलमधून लायकोपीनच्या गोळ्या आणतो, तर कोणी मुतखड्याच्या भीतीने ताटातील फोडी बाजूला काढून ठेवतो. तिसगावसारख्या बाजाराच्या गावात टोमॅटोचा विषय भावापासून सुरू होतो आणि बहुधा भावापाशीच संपतो. २०२३ च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटोला किलोमागे दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागले आणि पुढे दोन महिन्यांच्या आत तोच माल कवडीमोलाने गेला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्या लाल रंगात नेमके काय असते, त्याचा यकृताशी संबंध कसा येतो, त्यातले सिद्ध किती आणि ऐकीव किती, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. विद्यार्थी मित्रांनी यातील रसायनशास्त्राचा भाग मुद्दाम वाचावा. स्वयंपाक करणाऱ्यांनी फोडणीचा भाग वाचावा, आणि तो पुरुषांनीही वाचण्यास हरकत नाही.

प्रथम यकृताविषयी. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली असलेला, सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाचा हा अवयव शरीराच्या आतील अवयवांत सर्वांत मोठा आहे. आतड्यांतून शोषलेले अन्न रक्तात मिसळून थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका खास रक्तवाहिनीने यकृतात येते. गावात येणारा माल जकात नाक्यावर थांबत असे, तसाच हा प्रकार आहे. साखर साठविणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने बनविणे, औषधे व दारू यांचे विघटन करणे, ही सर्व कामे येथे चालतात. यकृत फार सोशिक आहे, आणि तीच खरी अडचण होय. पुष्कळसा भाग निकामी होईपर्यंत ते दुखत नाही, तक्रार करीत नाही.

आज या अवयवाला सर्वाधिक ग्रासणारी गोष्ट म्हणजे चरबी. यकृताच्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला डॉक्टर ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. दारू न पिणाऱ्यांतही हा विकार आढळतो. भारतातील अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात प्रौढांमधील हे प्रमाण सुमारे ३८ टक्के आले. पाहणी कोणत्या लोकांत झाली त्यानुसार हा आकडा बराच कमीअधिक होतो, हेही लक्षात ठेवावे. तरीही दहा माणसांत तीन-चार जण हे प्रमाण लहान नव्हे. बैठे काम, गोड चहा, बेकरीचे पदार्थ, पोटाचा घेर व मधुमेह ही त्याची नेहमीची सोबत आहे. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या माणसांतही तो आपल्या देशात बराच आढळतो. बहुतेकांत चरबी नुसती पडून राहते. काहींत मात्र तिच्यामुळे सूज येते, सुजेतून व्रण पडतात आणि अखेर यकृत आकसून टणक होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात.

चरबीपासून सुजेपर्यंतच्या या वाटेवर ‘ऑक्सिडीकरण’ नावाचा एक दुवा आहे, आणि टोमॅटोचा संबंध येथे जोडला जातो. लोखंडाला गंज चढतो किंवा उघडे राहिलेले शेंगदाण्याचे तेल खवट होते, तशी काहीशी क्रिया पेशीतील चरबीवरही होते. ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील अणू-रेणू चरबीवर हल्ला करतात, त्यातून पेशीचे पापुद्रे बिघडतात व सूज वाढते. हे रोखणारी द्रव्ये वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी बनवितात. दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्या झाडाला त्यांची गरज आपल्याहून जास्त असते.

टोमॅटो हे वांगी, बटाटा, मिरची यांच्याच कुळातील फळ. विदर्भात त्याला भेदरं म्हणतात, तर काही भागांत जुनी माणसे बेलवांगे म्हणत. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे झाड युरोपीय लोकांबरोबर आपल्याकडे आले. फळात सुमारे ९४ टक्के पाणी असते. उरलेल्या सहा टक्क्यांत साखर, आम्ले, तंतू, पोटॅशियम, क जीवनसत्त्व, थोडे बीटा-कॅरोटीन, सालीत नॅरिंजेनिन-चाल्कोन व क्वेर्सेटिन वर्गातील द्रव्ये, गरात क्लोरोजेनिक आम्ल आणि या सर्वांत प्रसिद्धी पावलेले लायकोपीन असते. लाल रंग तो हाच. कलिंगड, लाल गराचा पेरू आणि लाल पपई यांचा रंगही प्रामुख्याने याच द्रव्याचा आहे. गाजराचा केशरी रंग मात्र बीटा-कॅरोटीनचा.

लायकोपीनच्या रेणूत कार्बनचे ४० व हायड्रोजनचे ५६ अणू असतात. हा रेणू लांबच लांब साखळीसारखा असतो. त्यात एकूण १३ दुहेरी बंध असून त्यांपैकी ११ बंध एकाआड एक अशा सलग ओळीत येतात. या ओळीमुळेच तो निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतो आणि आपल्या डोळ्यांना लाल दिसतो. ऑक्सिजनचा जो एक विशेष उत्तेजित प्रकार असतो, त्याची जादा ऊर्जाही ही साखळी ओढून घेते व उष्णतेच्या रूपाने सोडून देते. १९८९ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या कामात लायकोपीन बीटा-कॅरोटीनपेक्षा सरस ठरते. हे निरीक्षण परीक्षानळीतील होते. परीक्षानळीत जे घडते ते पोटात घडेलच असे नाही. वर्तमानपत्रांतील आरोग्याचे रकाने लिहिणारे नेमका हाच भेद विसरतात.

पोटात काय होते ते पाहू. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. कच्च्या टोमॅटोत ते पेशींच्या आत स्फटिकांच्या रूपात अडकून बसलेले असते. ते सुटे होण्यासाठी पेशींच्या भिंती फुटल्या पाहिजेत, सोबत थोडे तेल-तूप पाहिजे आणि त्या तेलाचे बारीक कण करण्यासाठी पित्त पाहिजे. पित्त येते यकृतातून. म्हणजे ज्या यकृतासाठी आपण टोमॅटो खातो, त्याच्याच मदतीवाचून टोमॅटोचा रंग रक्तात उतरत नाही. पुढे हे लायकोपीन चरबीच्या कणांवर बसून यकृतात परत येते व तेथे बऱ्यापैकी साठून राहते.

शिजवून की कच्चा?

भाजी शिजवली की सत्त्व जाते, असे आपण शाळेत शिकलो. टोमॅटोपुरते ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली टोमॅटो ८८ अंश सेल्सियसला तापवून मोजमाप करण्यात आले. अर्ध्या तासात क जीवनसत्त्व सुमारे २९ टक्क्यांनी घटले. परंतु विद्रावकाने काढता येण्याजोगे लायकोपीन पंधरा मिनिटांतच कच्च्याच्या अडीचपटीहून अधिक झाले. उष्णतेने नवे लायकोपीन तयार झाले नव्हते. अडकलेले तेवढे सुटे झाले. त्याआधी १९९७ साली जर्मनीत माणसांवर केलेल्या प्रयोगात ताज्या टोमॅटोपेक्षा टोमॅटोच्या शिजवलेल्या लगद्यातून रक्तात अधिक लायकोपीन पोहोचते असे दिसले होते.

याचा अर्थ असा की आपल्या घरातील टोमॅटोचे सार, तेलाची फोडणी दिलेली टोमॅटोची भाजी, शेंगदाण्याचा कूट घातलेली चटणी, हे पदार्थ या बाबतीत उपाशीपोटीच्या कच्च्या रसापेक्षा उजवे आहेत. शेंगदाण्यात स्वतःचेच तेल असते. फोडणीला एक-दोन चमचे तेल पुरते. वर तर्री आणण्याची काही गरज नाही. कोशिंबीर टाकून द्यावी असे मात्र कोणी समजू नये, कारण क जीवनसत्त्व तिच्यातच जास्त राहते. साल काढून टाकण्याची शहरी पद्धत आपल्याकडे नाही ते बरेच आहे. सालीत लायकोपीन गरापेक्षा दाट असते.

बाटलीतील सॉसबद्दल विचारले जाते. त्यात लायकोपीन भरपूर असते हे खरे. परंतु शंभर ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅमच्या वर साखर असते, शिवाय मीठ. जादा साखरेतील फ्रुक्टोजची चरबी करण्याचे कामही यकृतालाच करावे लागते. त्यामुळे यकृतासाठी सॉस खाणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे आहे.

पिकाविषयी दोन शब्द. आपल्याच जिल्ह्यातील राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने टोमॅटोच्या धनश्री, भाग्यश्री, राजश्री, फुले राजा अशा जाती दिल्या आहेत. त्यांपैकी भाग्यश्री ही लायकोपीनचे प्रमाण अधिक असलेली, गर्द लाल, भरपूर गराची व कमी बियांची म्हणून प्रक्रियेसाठी शिफारस झालेली जात आहे. बाजारात जात पाहून कोणी खरेदी करीत नाही, रंग पाहून करतो, आणि येथे रंग पाहणे अगदीच चुकीचे नाही. फळ पिकताना तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास असेल तर लायकोपीन चांगले तयार होते. ते ३० अंशांच्या वर जाऊ लागले की त्याची निर्मिती मंदावते, पिवळे-केशरी द्रव्य मात्र तयार होत राहते. पाथर्डी तालुक्याच्या उन्हाळ्यात फळ लाल न होता पिवळसर का राहते, देठाजवळचा भाग पिवळा व कडक का पडतो, याचे एक कारण हे आहे. हिवाळ्यातील टोमॅटो या दृष्टीने सरस, आणि त्या दिवसांत तो स्वस्तही असतो.

पुरावा किती?

आता मुख्य प्रश्न. टोमॅटोने यकृताचा रोग टळतो काय? अमेरिकेतील बोस्टन येथील टफ्ट्स विद्यापीठात यावर बरीच वर्षे काम झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कर्करोगकारक द्रव्य टोचून चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना लायकोपीन किंवा टोमॅटोचा अर्क दिला असता यकृतातील कर्करोगपूर्व गाठी कमी झाल्या. पुढे टोमॅटोच्या भुकटीनेही यकृतातील चरबी व सूज घटल्याचे उंदरांत दिसून आले. येथवर सर्व अनुकूल आहे.

परंतु त्याच विद्यापीठातील २००८ चा एक प्रयोग मला या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. त्यात उंदरांना दारू आणि तिच्याबरोबर शुद्ध लायकोपीनचा मोठा डोस देण्यात आला. अपेक्षा संरक्षणाची होती. झाले उलटे. दारूचे विघटन करताना घातक कण निर्माण करणारे सीवायपी-२ई१ नावाचे विकर यकृतात वाढले आणि सूजही वाढली. २०१५ साली हाच प्रश्न टोमॅटोच्या भुकटीने तपासला गेला, तेव्हा मात्र ते विकर दबले व यकृताची इजा कमी झाली. फळात लायकोपीनबरोबर जी इतर द्रव्ये असतात त्यांचा यात वाटा असावा, असे अनुमान निघते. पंचशीलातील पाचवे शील मोडून वर लायकोपीनची गोळी घेणाऱ्यांनी या उंदरांची हकिकत ध्यानात घ्यावी.

माणसांचे काय? फॅटी लिव्हर किंवा सिऱ्होसिस असणाऱ्यांच्या रक्तात लायकोपीन कमी आढळते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. यावरून ‘लायकोपीन कमी म्हणून रोग झाला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. आजारी यकृत पित्त नीट बनवीत नाही, म्हणून लायकोपीन शोषले गेले नसेल. किंवा जो माणूस भाजी-फळे कमी खातो तो तळलेले व गोड जास्त खात असेल, आणि रोग त्यामुळे झाला असेल. कार्य आणि कारण यांची अदलाबदल सहज होते. माणसांना टोमॅटो किंवा लायकोपीन देऊन केलेले प्रयोग थोडे आहेत, लहान आहेत व काही आठवड्यांचेच आहेत. म्हणून आज एवढेच म्हणता येते की टोमॅटो यकृताला साहाय्यक ठरू शकतो. तो औषध आहे असे म्हणता येत नाही.

आहार आणि यकृत यांचा संबंध निर्विवादपणे कसा शोधावा लागतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलांचे पोट फुगत जाणे, यकृत दगडासारखे टणक होणे व काही महिन्यांत मूल दगावणे, असा एक रोग आपल्या देशात पूर्वी फार होता. वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असेच नाव पडले. एकाच आईची दोन-दोन, तीन-तीन मुले त्यात जात आणि लोक घराण्याला दोष देत. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले आढळत होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या कोड्याचा माग काढला. आजारी मुलांच्या घरी आणि तशाच निरोगी मुलांच्या घरी जाऊन, मुलाला दूध काय, कधीपासून आणि कशातून दिले, याची त्यांनी तुलना केली. आजारी मुलांना आईचे दूध लवकर तोडून वरचे दूध सुरू केलेले होते, आणि ते कल्हई नसलेल्या किंवा उडालेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविले व ठेवले जात होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातील प्रथिन हे तांबे धरून ठेवते. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे तांबे शरीरातून काढणाऱ्या पेनिसिलामाइन या औषधाने, वेळीच दिल्यास, काही मुले वाचू लागली. ज्या घरात एक मूल गेले तेथे भांडे बदलून पुढची मुले वाचविता आली. घरोघर स्टीलची भांडी आली, आणि १९९० च्या दशकात हा रोग पुण्याच्या आसपास जवळजवळ दिसेनासा झाला. काही मुलांत आनुवंशिक कमकुवतपणाही असावा असे मानले जाते. पण भांडे बदलल्यावर रोग गेला, ही गोष्ट उरतेच.

तुलना, कारणाची यंत्रणा, उपचाराचा परिणाम आणि कारण दूर केल्यावर रोग नाहीसा होणे, अशा चारही पायऱ्या येथे पुऱ्या झाल्या. टोमॅटोच्या बाबतीत आपण अजून दुसऱ्या पायरीच्या आसपास आहोत.

या हकिकतीचा टोमॅटोशी आणखी एक प्रत्यक्ष संबंध आहे. टोमॅटो आंबट आहे, आणि आंबट पदार्थ पितळ-तांब्याला खातो. अलीकडे तांब्या-पितळेची भांडी हौसेने पुन्हा घेतली जात आहेत. कल्हई करणारा मात्र गावात क्वचितच फिरकतो. सार, आमटी, चिंच-कोकमाचे पदार्थ, ताक व लहान मुलांचे दूध हे बिनकल्हईच्या भांड्यात कदापि ठेवू नये. लोखंडी कढईत टोमॅटोची भाजी केल्यास थोडे लोह अन्नात उतरते, त्याचा बहुतेकांना, विशेषतः पंडुरोग असलेल्या स्त्रियांना, उपयोगच होतो. भाजी कढईतून लगेच काढावी, म्हणजे ती काळी पडत नाही.

किती खावा? घरातल्या जेवणात रोज एक-दोन मध्यम टोमॅटो पुष्कळ झाले. मुतखड्याची भीती बहुतांशी निराधार आहे. टोमॅटोतील ऑक्झलेटचे प्रमाण पालकाच्या मानाने अगदी थोडे असते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांनी मात्र त्यातील पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारून खावा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना रात्री तो सोसत नाही. फॅटी लिव्हर झालेल्या स्थूल माणसाने वजन ५ टक्क्यांनी उतरविल्यास यकृतातील चरबी कमी होते आणि ७ ते १० टक्क्यांनी उतरविल्यास सूजही ओसरू लागते. ८० किलोच्या माणसाला हे ६ ते ८ किलो होतात. याच्या जोडीला टोमॅटो जरूर असावा, त्याच्याऐवजी नव्हे.

अतिरेकाचेही एक उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात आहे. अमेरिकेतील एक बाई कित्येक वर्षे रोज सुमारे दोन लिटर टोमॅटोचा रस पीत होती. तिची कातडी नारिंगी झाली. १९६० साली तिची नोंद प्रसिद्ध झाली. रस थांबविल्यावर रंग उतरला. अशा रंगात आणि काविळीत फरक ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डोळे. फळभाज्यांच्या रंगाने तळहात व कातडी रंगते, पण डोळ्यांतील पांढरा भाग पांढराच राहतो. काविळीत आधी तोच पिवळा होतो, आणि लघवी गडद होते.

कावीळ म्हटली की आपल्याकडे अजूनही माळ घातली जाते, मांत्रिकाकडे ‘उतरविली’ जाते. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, ते हातावर आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसामुळे. माळ लांबते ती काड्या सुकून दोरा सैल पडल्यामुळे. दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. ‘ई’ प्रकारची कावीळही पाण्यातूनच येते. २०१२ साली इचलकरंजीत तिची मोठी साथ आली होती. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाल्यास शंभरातील २० ते २५ स्त्रियांपर्यंत दगावू शकतात. तेव्हा गर्भवतीचे डोळे पिवळे दिसले, किंवा कोणत्याही काविळीच्या रुग्णाला गुंगी येऊ लागली, असंबद्ध बडबड सुरू झाली, रक्ताची उलटी झाली वा पोटात पाणी भरू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ रक्तावाटे पसरते व वर्षानुवर्षे दबून राहते. तिची तपासणी व औषधोपचार २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून मोफत होतात. ‘ब’ची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचावयाची असते. प्रसूती घरी झाली तर नेमकी तीच राहून जाते.